चौलचा थांबा

वाचकहो, दिवाळीची सुटी संपली की आपल्या शाळांतून सहलीची वर्गणी गोळा होऊ लागते. ठिकाणे ठरलेली असतात. एका वर्षी अजिंठा, वेरूळ आणि दौलताबाद, दुसऱ्या वर्षी महाबळेश्वर, आणि पैसे कमी जमले तर अलिबाग आणि मुरुड-जंजिरा. मुले पहाटे निघतात, रात्री परततात. पूर्वी येताना सोबत भेळेची पुडकी आणि शंखशिंपले असत, आता मोबाईलमध्ये दोन-अडीचशे छायाचित्रे असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारावे, "काल काय पाहिले?" तर मोबाईल पुढे येतो, तोंडून मात्र शब्द येत नाही. यात मुलांचा दोष नाही. मी स्वतः चोवीस वर्षे शाळेची सहल नेली, आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षे तरी मी मुलांना काहीही दाखवले नाही, हे आज कबूल करतो. मी मुंडकी मोजली, डबे वाटले, वेळेवर गाडी परत आणली. एवढ्याला आपण सहल यशस्वी झाली असे म्हणतो.

माझे डोळे उघडले ते एका मुलीच्या प्रश्नाने. ती नववीत होती. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्या एका शाळेच्या मुलाने तिला सहज विचारले होते, "तुमचे लोक मूळचे कुठले?" त्याच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. पण तिला उत्तर देता आले नाही आणि ते तिच्या मनात सलत राहिले. मुरुडच्या सहलीला जाताना गाडीत ती माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "सर, आपण मूळचे कुठले?" मी म्हणालो, "अगं, अरबस्तानातून व्यापारी आले, इथेच राहिले," आणि पुन्हा मुंडकी मोजायला लागलो. त्याच वेळी खिडकीबाहेरून चौल गाव मागे पडले. तिच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत होते. मी मात्र ड्रायव्हरला म्हणत होतो, "भाऊ, जरा लवकर घ्या, जंजिऱ्याच्या होड्या चुकतील."

पुढल्या वर्षी मी चौलला गाडी थांबवली. त्या थांब्याविषयी आपल्याला सांगावे, यासाठी हा लेख.

अलिबागहून दक्षिणेला रेवदंड्याच्या वाटेवर चौल लागते. आज ते वाड्यांचे, शांत, सावलीचे गाव आहे. बंदर कुठे होते असे मुले विचारतात आणि खरोखर सांगूनही पटत नाही. पण ग्रीक खलाशांनी पहिल्या शतकात या बंदराचे नाव 'सेमिल्ला' असे लिहून ठेवले, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत ते 'चेमुला' म्हणून येते, आणि अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटले. नावांतला सारखेपणा तोंडाने म्हणून पाहिला की लगेच कानाला कळतो. मी मुलांना रस्त्याच्या कडेला उभे करून ही नावे एकापुढे एक मोठ्याने म्हणायला लावली. एका आजोबांनी सायकल थांबवून विचारले, "कसला पाढा चाललाय?"

हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, बगदादचा एक प्रवासी इथे उतरला. त्याचे नाव अल-मसऊदी. त्याने पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचा मोठा ग्रंथ पुढे लिहिला. त्यात तो सांगतो की सैमूरमध्ये त्या वेळी सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. पण त्यांत एक गट असा होता ज्यांना 'बयासिरा' म्हणत, म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी याच देशात जन्मलेले. विद्यार्थी मित्रांनो, या शब्दापाशी जरा थांबा. आजपासून अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर असे मुसलमान होते की ज्यांना 'बाहेरचे' म्हणता येत नव्हते, आणि त्यांच्यासाठी वेगळा शब्द प्रचारात होता. राजा होता शिलाहार घराण्यातला झंझ, आणि त्याच्यावर सम्राट होता राष्ट्रकूट, ज्याला अरब 'बल्हरा' म्हणत. मुसलमानांचे आपसातले व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला जाई, त्याला 'हुनरमन' म्हणत. मसऊदी आला तेव्हा त्या जागी अबू सईद मारूफ बिन झकरिया नावाचे गृहस्थ होते.

हे मी मुलांना सांगितले तेव्हा ती मुलगी, जी आता दहावीत होती, पटकन म्हणाली, "म्हणजे राजा हिंदू होता आणि त्याने ठेवून घेतले." होय, ठेवून घेतले. पण केवळ दया म्हणून नव्हे. बंदराला व्यापारी हवे असतात आणि व्यापाऱ्याला भरवशाचे राज्य हवे असते. दोघांचाही त्यात फायदा होता. फायद्यातून जुळलेली नाती कमी प्रतीची असतात असे मला वाटत नाही. उलट ती बऱ्याचदा जास्त टिकतात.

मसऊदीच्या नंतर दहाच वर्षांनी, शके ८४८ मध्ये, म्हणजे इ. स. ९२६ साली, कोरलेला एक ताम्रपट आज आपल्याला माहीत आहे. तो सापडला आजच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला. त्या ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राचा संजाणचा अधिकारी म्हणून एका 'ताजिक' गृहस्थाचे नाव येते. ताजिक म्हणजे अरब. संस्कृतात त्याचे नाव लिहिले आहे 'मधुमती'. विद्वान सांगतात की हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप. या मुहम्मदाने नदीवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भात, कालवण आणि तूप देणारे अन्नछत्र चालवले, आणि त्याच्याच कारकिर्दीत भगवती देवीच्या मठाला जमीन दिली गेली. हे सगळे संस्कृतात, तांब्याच्या पत्र्यावर.

पालक बंधु-भगिनींनो, आपल्याकडे हल्ली इतिहासाचे नाव काढले की घरात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, जे विषय टाळतात. दुसरे, जे छाती फुगवून बादशहांची नावे मोजतात. मला विचाराल तर मुलांना या दोन्हींपेक्षा नदीवरच्या त्या फुकट नावेची गोष्ट अधिक उपयोगाची आहे. बादशहा आपल्यापैकी कुणाचेच आजोबा नव्हते. नावाडी, बाजारातला दलाल, हमालखान्यातला कारकून, आंघोळीच्या हमामात पाणी तापवणारा माणूस, हे मात्र असू शकतात.

हमामावरून आठवले. चौलमध्ये एक हमामखाना आहे. पडझड झालेला आहे, तरी घुमटाखालची दालने अजून ओळखू येतात. मुले आत गेली आणि पहिला प्रश्न एका खोडकर मुलाने केला, ज्याला मी एरवी वर्गाबाहेर उभा करीत असे. "सर, पाणी कुठून येत होते?" मला माहीत नव्हते. मग आम्ही सगळे मिळून भिंतींतल्या खाचा आणि जमिनीचा उतार शोधू लागलो. अर्धा तास त्यात गेला. बाकीच्या शिक्षकांनी घड्याळ दाखवले. त्या अर्ध्या तासाइतके लक्ष त्या मुलाने माझ्या कुठल्याही तासाला दिलेले नव्हते.

पाण्याचाच धागा पकडून हमामापासून रामेश्वराच्या देवळाकडे जाता येते. तिथे अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशी तीन कुंडे आहेत. पाऊस ओढला की पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा होती, असे गावकरी सांगतात. देवळात आमची मुले बाहेर चपला काढून, रांगेने, गडबड न करता गेली. पुजारीबुवांनी त्यांना कुंडांची माहिती दिली आणि निघताना विचारले, "उन्हाचे आलात, पाणी घेतले का पोरांनी?" एवढ्यावर मी काही भाषण करणार नाही.

आता रेवदंडा. चौलचाच तो समुद्राकडचा भाग. १५०८च्या मार्च महिन्यात याच पाण्यात मिसरचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले, आणि पोर्तुगीज विजरईचा मुलगा लॉरेन्सो त्यात मारला गेला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहते. त्याच वर्षाच्या अखेरीला विजरईने सूड म्हणून दाभोळ बंदर जाळले आणि तिथल्या लोकांची कत्तल केली. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, तोही निजामशहाच्या परवानगीने. मग १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीच्या मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला आणि कित्येक महिने झुंजूनही तो त्याच्या हाती आला नाही. अखेर १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. जिंकलेली लढाई सांगायची आणि हरलेली गाळायची, ही सवय मुलांना लागली की पुढे हिशेबाच्या वहीतही ती दिसते.

किल्ल्याच्या आत सातखणी मनोरा उभा आहे, तो एका ख्रिस्ती मठाच्या देवळाचा. तिथे सगळेच लोक छायाचित्र काढतात. आमच्याही मुलांनी काढले. मी मना केले नाही. मात्र एक अट घातली होती, की प्रत्येक छायाचित्रामागे वहीत तीन ओळी लिहायच्या: हे कोणी बांधले, कशाने बांधले, आणि आता इथे कोण राहते. तिसऱ्या ओळीसाठी माणसांशी बोलावे लागते, आणि ती अट त्यासाठीच होती. छायाचित्रांची संख्या आपोआप उतरली.

रेवदंड्यातच बेने इस्रायली लोकांचे प्रार्थनागृह आहे. ही यहुदी मंडळी शेकडो वर्षे या किनाऱ्यावर राहिली, घाण्यावर तेल काढले, शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांची घरची भाषा मराठी. ते आपल्या प्रार्थनागृहाला मराठीत काय म्हणत, माहीत आहे? 'मशीद'. हे ऐकून मुले हसली आणि मग गप्प झाली. त्यांतली बहुतेक कुटुंबे पुढे इस्राएलला गेली. दारे बंद असलेली घरे आणि त्यांवरची अलिबाग-रेवदंड्याकडची गावांची नावे लावणारी आडनावे मागे राहिली. रेवदंडेकर, नवगावकर, किहीमकर. आपल्यातही गावावरून आडनावे आहेत. चौलकर तर आहेतच.

खाडीपलीकडे कोर्लई. डोंगरावरचा किल्ला पाहायला लोक येतात, पण खाली गावात थांबत नाहीत. त्या गावात काही शे माणसे अशी भाषा बोलतात की जिचे शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठी. बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज गेले त्याला पावणेतीनशे वर्षे उलटली, भाषा राहिली. आमच्या मुलींनी एका मावशींना विनंती केली आणि त्यांनी हसत हसत मीठ, पाणी, घर, आई असे शब्द म्हणून दाखवले. एका मुलीने मोबाईलवर आवाज टिपून घेतला. मोबाईल वाईट नाही, वाचकहो. तो कुणाच्या तोंडासमोर धरला आहे, एवढाच प्रश्न आहे. आपल्या आजी-नानींची कोकणी मुसलमानी बोली अशीच कुणीतरी टिपून ठेवायला हवी. तिच्यातले किती शब्द आपल्या नातवंडांना कळतात, हे आज रात्री जेवताना तपासून पाहा.

रेवदंड्याला आणखी एक स्मारक आहे, २००२ मध्ये उभारलेले. ते अफानासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचे. १४७०च्या आसपास तो एक घोडा घेऊन हुर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. चौलच्या लोकांना गोऱ्या माणसाचे नवल वाटे. तो जाईल तिकडे माणसे मागे मागे येत, असे त्याने लिहिले आहे. घोडा विकावा म्हणून तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या असदखान नावाच्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितले, धर्म बदल, तर घोडाही देतो आणि वर हजार मोहराही देतो. चार दिवसांची मुदत दिली. निकितिन घाबरला. तेवढ्यात खुरासानचा ख्वाजा मुहम्मद तिथे आला, असदखानाकडे गेला, परदेशी माणसाची रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. सक्ती करणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. मी ही गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा दोघांनाही सांगतो. एकाला लपवले तर दुसऱ्याची किंमत कळत नाही.

निकितिन बिदरपर्यंत गेला, बाजार पाहिले, मिरवणुका पाहिल्या, लोकांबरोबर जेवला-राहिला. घरी पोहोचण्याआधीच, वाटेत स्मोलेन्स्कपाशी, तो वारला. पण त्याची वही पोहोचली. त्या वहीत रशियन मजकुरात अरबी आणि तुर्की शब्दांतल्या प्रार्थना मिसळलेल्या आहेत. व्यापारात त्याला नफा झाला नाही, हे तो स्वतःच लिहितो. आज त्याचे नाव त्या वहीमुळेच राहिले आहे.

प्रवासाची वही हा आपला जुना वारसा आहे, हे सांगायला नकोच. इब्न बतूता १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, मोरोक्कोतल्या तान्जाहून निघाला. दिल्लीत काझी झाला, आणि १३४२ मध्ये दिल्लीहून दक्षिणेकडे येताना दौलताबाद आणि नंदुरबार या आपल्या मुलखातल्या दोन ठिकाणी राहिला. दौलताबादच्या किल्ल्याविषयी त्याने लिहिले, ते बऱ्याच जणांना माहीत असते, विशेषतः तिथल्या तळघरातले मांजरांहून मोठे उंदीर. नंदुरबारविषयी त्याने काय लिहिले, ते फारसे कोणी सांगत नाही. तिथे त्याला मराठे लोक भेटले. त्यांच्यातले वैद्य आणि ज्योतिषी हुशार आहेत, लोक भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जनावरांना त्रास द्यायला त्यांना आवडत नाही, आणि जेवणाआधी ते स्वच्छ अंग धुतात, असे त्याने नोंदवले. काझी माणूस, सुलतानाचा वकील म्हणून चाललेला, पण त्याने दुसऱ्याच्या स्वयंपाकघराकडे आदराने पाहिले. सगळीकडे तो असा वागला असे नाही. काही ठिकाणी तो फार घाईने न्याय करतो आणि आपल्या मानमरातबाची त्याला जास्तच काळजी असते. तरी नंदुरबारचा तो परिच्छेद मी प्रत्येक वर्गात वाचून दाखवीत असे, कारण नंदुरबार कुठल्याच सहलीच्या यादीत नसते.

आता मुलींच्या पालकांना एक शब्द. "मुलीला कशाला पाठवायचे?" हा प्रश्न मी दर वर्षी ऐकला आहे. आपल्या जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांच्या भगिनी अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथून त्या रोजनिशीसारखी पत्रे घरी बहिणींना पाठवीत. ती पुढे उर्दूतल्या स्त्रियांच्या मासिकात छापली गेली आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने आली. त्यात वर्ग आहेत, अभ्यास आहे, थंडी आहे, माणसे आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या घरातली एक मुलगी समुद्र ओलांडून गेली आणि पाहिलेले लिहून ठेवले. आपण मुलीला चौलपर्यंत पाठवायला कां-कूं करतो, आणि तेही शिक्षकांच्या सोबत.

खर्चाचे म्हणाल तर अशा सहलीला खर्च कमीच येतो. हॉटेल नाही, तिकिटे जवळजवळ नाहीत. लागतो तो वेळ, आणि जाण्याआधी एक तासाची तयारी. ज्या गावी जायचे त्या गावचे कोणी आपल्या मोहल्ल्यात आहे का, हे आधी शोधावे. बहुतेक वेळा असते. त्यांच्याकडून एक चिठ्ठी किंवा एक फोन मिळाला तरी गावात शिरण्याची वाट मोकळी होते. दाभोळला जायचे तर आदिलशाही काळातल्या मशिदीबरोबर मासळीचा लिलावही पाहावा. माहीमला हजरत मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर आपण नवस फेडायला जातो, पण ते १३७२ ते १४३१ या काळातले मोठे विद्वान होते आणि त्यांनी कुरआन शरीफवर अरबी भाषेत तफसीर लिहिली, हे किती मुलांना सांगतो? खुल्दाबादला गेलात तर औरंगजेबाच्या उघड्या कबरीपाशी वाद घालणारी गर्दी असते, आणि तिथेच जवळ मलिक अंबरची कबर शांत असते. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने खडकी शहर वसवले आणि त्या शहराला जमिनीखालून नळाने पाणी आणले. त्या नहरीचे काही भाग अजून जागेवर आहेत. ती कुठून कुठे जाते ते पायी पाहावे. माझ्या त्या खोडकर विद्यार्थ्याने हमामात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले असते, असे मला नंतर वाटले.

दोन वर्षांपूर्वी तीच मुलगी, आता स्वतः आई झालेली, आपल्या मुलाच्या प्रवेशासाठी शाळेत आली होती. मी निवृत्त झालो असलो तरी अधूनमधून तिथे जाऊन बसतो. फॉर्म भरून झाल्यावर तिने विचारले, "सर, सहल अजून चौलला थांबते का?" मी हल्लीच्या सहलप्रमुखांकडे पाहिले. ते म्हणाले, "थांबायचे तर तीन तास जास्त लागतात हो, मग जंजिरा राहतो."

मी म्हणालो, "राहतो कधी कधी."

ती म्हणाली, "मग राहू द्या ना." सहलप्रमुखांनी वहीत काहीतरी लिहून घेतले.